प्रो-कबड्डी लीगचा पहिला हंगाम (२०१४)

प्रो-कबड्डी लीगचा पहिला हंगाम : कबड्डी या भारतीय खेळाची, शहरांच्या नावे उभारलेल्या खाजगी मालकीच्या संघांमधील आणि मुख्यत्वे दूरचित्रवाणीसाठी आखलेली स्पर्धा. तिचा पहिला हंगाम २६ जुलै ते ३१ ऑगस्ट २०१४ या कालावधीत आठ संघांमध्ये खेळला गेला. पहिला व अंतिम हे दोन्ही सामने मुंबईत झाले. अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्स या संघाने यू मुंबा संघाचा ३५–२४ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळविले. या हंगामाचे महत्त्व केवळ जयपराजयापुरते नाही. कबड्डीत ‘व्यावसायिक’ हा शब्द महाराष्ट्रात अनेक दशके एका अर्थाने रूढ होता. या पाच आठवड्यांत त्याला दुसरा अर्थ प्राप्त झाला. पूर्वी खेळाडूला खेळाबद्दल नोकरी मिळत असे. आता त्याला किंमत मिळू लागली. या बदलाचे लाभ आणि त्याची उणी बाजू या दोहोंची बीजे पहिल्याच हंगामात दिसून येतात.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात हा खेळ पूर्वी हुतूतू या नावाने प्रचलित होता. अन्य प्रांतांतही त्याचे निरनिराळे प्रकार खेळले जात. त्याच्या नियमांना निश्चित स्वरूप देण्याचे कार्य प्रामुख्याने महाराष्ट्रातील व्यायामसंस्थांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्यांत कबड्डीचा समावेश होता. १९३८ मध्ये कलकत्ता येथील भारतीय ऑलिंपिक सामन्यांत तिला स्थान मिळाले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५२ मध्ये मद्रास येथे आणि महिलांची १९५५ मध्ये कलकत्ता येथे झाली. १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघ अस्तित्वात आला. त्याच वर्षी मुंबईचे सदानंद शेट्ये यांना कबड्डीतील पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. संघटनेच्या आणि प्रसाराच्या कार्यात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा मोठा वाटा होता; त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा केला जातो. दिल्ली येथील १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले आणि १९९० च्या बीजिंग येथील स्पर्धांपासून हा खेळ पदकांसाठी खेळला जाऊ लागला. भारताने त्या वर्षीचे सुवर्णपदक मिळविले आणि पुढे अनेक स्पर्धांत आपले वर्चस्व टिकविले. २००४ ची पहिली विश्वचषक स्पर्धाही मुंबईतच झाली.

अशा प्रकारे २०१४ पर्यंत कबड्डीला नियम, संघटना, राष्ट्रीय स्पर्धा व आंतरराष्ट्रीय यश या चारही गोष्टी लाभलेल्या होत्या. मात्र स्थानिक मैदानाबाहेरचा प्रेक्षक आणि खेळावर स्वतंत्रपणे चालू शकणारा चरितार्थ या दोन गोष्टी लाभलेल्या नव्हत्या.

‘व्यावसायिक’ या शब्दाचा पूर्वीचा अर्थ : मुंबई आणि परिसरातील कबड्डी स्पर्धांत ‘स्थानिक’ व ‘व्यावसायिक’ असे दोन गट करण्याची पद्धत फार दिवसांची आहे. स्थानिक गटात वस्त्यांतील क्रीडामंडळे भाग घेतात, तर व्यावसायिक गटात कारखाने, बँका, रेल्वे, पोलीस, विमान कंपनी इत्यादी आस्थापनांचे संघ उतरतात. महिंद्र अँड महिंद्र, एअर इंडिया, देना बँक, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे या नावांशी मुंबईचा कबड्डी-प्रेक्षक चांगला परिचित होता. या संघांतील खेळाडू त्या त्या आस्थापनेचे नोकर असत. खेळातील गुणवत्तेमुळे त्यांना नोकरी मिळे, सरावासाठी सवलत मिळे, आणि खेळण्याचे वय उलटल्यावरही पगार, बढती व निवृत्तिवेतन यांची शाश्वती राही. व्यवसाय हा नोकरीचा असे. खेळ त्या नोकरीचे निमित्त ठरे.

या व्यवस्थेचे मूळ मुंबईच्या गिरणगावात शोधावे लागते. मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचे प्रमाण मोठे होते. दापोली तालुक्यातील केळशी, आंजर्ले, हर्णे यांसारख्या किनाऱ्यावरील गावांपासून दक्षिणेस राजापूरपर्यंतच्या पट्ट्यातील अनेक घरांमधून कर्ता पुरुष चाकरीसाठी मुंबईस जाई. लालबाग, परळ, डिलाईल रोड, नायगाव या भागांतील चाळींमध्ये त्याची वस्ती असे. थोडी मोकळी जागा, सात गडी आणि चुन्याच्या चार रेघा एवढ्या साधनांवर उभा राहणारा हा खेळ त्या वस्तीला परवडणारा होता. चाळीच्या आवारातून मंडळ, मंडळातून आस्थापनेचा संघ आणि तेथून कायम नोकरी, अशी एक वाट त्यातून तयार झाली. गणेशोत्सवास व शिमग्यास गावी परतणाऱ्या चाकरमान्यांबरोबर शहरातील डावपेच गावाकडच्या मैदानांवरही पोहोचत.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सु. अडीच लाख कामगार सामील झाले. संपानंतर अनेक गिरण्या क्रमाने बंद पडल्या. गिरणगावाची वस्ती विखुरली आणि तिच्या आधाराने चाललेल्या मंडळांपुढेही अडचणी उभ्या राहिल्या. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणांत सार्वजनिक उद्योगांतील एकूण नोकरभरतीला आवर बसला. साहजिकच खेळाडूंसाठीच्या जागांवरही त्याचा ताण आला. याच काळात हरयाणा, सेनादल आणि रेल्वे यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत पुढे आले. २०१४ मध्ये लीगचा पहिला हंगाम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्राची ही जुनी वाट बंद झालेली नव्हती, पण अरुंद झालेली होती.

स्थापना : भारतात शहरसंघांच्या लीगचा नमुना २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेने घालून दिला. इतर खेळांनीही तो आपलासा करण्याचा प्रयत्न केला. हॉकीची एक लीग २००५ मध्येच सुरू होऊन काही वर्षांत बंद पडली होती. २०१३ मध्ये हॉकीची दुसरी लीग आणि बॅडमिंटनची लीग सुरू झाली. प्रो-कबड्डी लीगची कल्पना क्रीडासमालोचक चारू शर्मा यांची. २००६ च्या दोहा येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी कबड्डीचे सामने पाहणाऱ्यांचा उत्साह त्यांच्या ध्यानात आला होता. शर्मा आणि उद्योगपती आनंद महिंद्र यांनी मशाल स्पोर्ट्स ही संस्था स्थापन केली. भारतीय हौशी कबड्डी महासंघाने स्पर्धेला मान्यता दिली आणि स्टार समूहाने प्रक्षेपणाची जबाबदारी घेतली. ज्या उद्योगसमूहाचा आस्थापना संघ मुंबईच्या ‘व्यावसायिक’ गटात नावाजलेला होता, त्याच समूहाच्या प्रमुखाने नव्या अर्थाची व्यावसायिक स्पर्धा उभारण्यात पुढाकार घेतला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पहिल्या हंगामातील आठ संघ असे होते : यू मुंबा (मुंबई), पुणेरी पलटण (पुणे), जयपूर पिंक पँथर्स, पाटणा पायरेट्स, बेंगळुरू बुल्स, दबंग दिल्ली, बेंगॉल वॉरियर्स (कोलकाता) आणि तेलुगू टायटन्स (विशाखापटनम). संघमालकांत चित्रपट-अभिनेते अभिषेक बच्चन (जयपूर), चित्रपट व दूरचित्रवाणी क्षेत्रातील उद्योजक रॉनी स्क्रूवाला (मुंबई) आणि किरकोळ विक्री-व्यवसायातील किशोर बियाणी यांचा फ्यूचर समूह (कोलकाता) यांचा समावेश होता. महाराष्ट्राला दोन संघ मिळाले. मुंबईचे सामने वरळी येथील नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडियाच्या बंदिस्त क्रीडागारात, तर पुण्याचे सामने बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात भरविण्यात आले. वरळीचे हे क्रीडागार जुन्या गिरणगावापासून फार दूर नाही. सर्व संघ एका शहरातून दुसऱ्या शहरात एकत्र प्रवास करीत आणि प्रत्येक शहरात सलग काही दिवस सामने होत. त्यामुळे प्रक्षेपणाची अवजड यंत्रसामग्री एकाच तांड्यात हलविता येई आणि प्रेक्षकाला रोज संध्याकाळी ठराविक वेळी खेळ पाहावयास मिळे.

खेळाडूंचा लिलाव : खेळाडूंची निवड २० मे २०१४ रोजी मुंबईत झालेल्या लिलावातून करण्यात आली. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा सु. ६० लाख रुपये होती. भारतीय संघाचा कर्णधार राकेश कुमार याला पाटणा संघाने १२ लाख ८० हजार रुपयांना घेतले. ती त्या लिलावातील सर्वोच्च बोली ठरली. त्याच वर्षी क्रिकेटच्या लिलावात युवराज सिंग याच्यासाठी १४ कोटी रुपयांची बोली लागली होती. म्हणजे कबड्डीतील सर्वांत महागड्या खेळाडूचे मूल्य क्रिकेटमधील सर्वोच्च बोलीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी होते. तथापि कबड्डीच्या अंतर्गत हिशोबात ही रक्कम मोठी होती. गावोगावच्या स्पर्धांतील बक्षिसे आणि मासिक पगार यांची सवय असलेल्या खेळाडूला पाच आठवड्यांच्या खेळासाठी लाखांची रक्कम मिळण्याचा हा पहिलाच अनुभव होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पहिल्या हंगामातील प्रमुख खेळाडूंनी लीगसाठी आपल्या नोकऱ्या सोडल्या नव्हत्या. राकेश कुमार रेल्वेत, तर यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार हरयाणा पोलीस दलात नोकरीस होता. नवी व्यवस्था प्रारंभी जुन्या व्यवस्थेच्या खांद्यावरच उभी राहिली. लीगने पाच आठवड्यांचे मोल दिले. वर्षाच्या उरलेल्या सत्तेचाळीस आठवड्यांचा भार रेल्वे, पोलीस, बँका व तेलकंपन्या यांनी वाहिला.

खेळाचे स्वरूप : मूळ खेळात फारसा बदल करण्यात आला नाही. प्रत्येकी सात खेळाडू, १३ × १० मी. चे क्रीडाक्षेत्र, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, प्रतिस्पर्ध्यांचे सर्व गडी बाद केल्यावर मिळणारे लोणाचे दोन जादा गुण, निदानरेषा व बोनसरेषा हे सर्व कायम राहिले. बदलला तो मुख्यतः खेळाचा पृष्ठभाग आणि त्याची वेळ. मातीऐवजी रबरी मॅट, अनवाणी पायांऐवजी बूट, उघड्या मैदानाऐवजी प्रकाशझोतांतील बंदिस्त क्रीडागार यांमुळे चढाई आणि पकड यांची गती वाढली. मॅट आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पूर्वीच आली होती; लीगने ती घराघरांत दाखविली. खुल्या मैदानावरील स्पर्धा पावसाळ्यात भरविता येत नाहीत. बंदिस्त क्रीडागारामुळे मात्र जुलै-ऑगस्ट हे महिने कबड्डीचे होऊ शकले.

चढाईसाठी ३० सेकंदांची मर्यादा प्रेक्षकाला पडद्यावर सतत दिसत असे. ‘कबड्डी’ हा उच्चार व दम यांचे बंधन नियमात कायम राहिले, तरी प्रेक्षकाचे लक्ष दमापेक्षा घड्याळाकडे वळले. खेळ रेंगाळू नये यासाठी लीगने रूढ केलेले दोन नियम विशेष उल्लेखनीय आहेत. लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे आवश्यक असते, अन्यथा चढाई करणारा बाद होतो. मैदानात तीन किंवा त्यांहून कमी बचावपटू उरले असता त्यांनी यशस्वी पकड केल्यास त्यांना एक जादा गुण मिळतो. हिला मराठीत अव्वल पकड म्हणतात. पहिल्या नियमाने आघाडीवरच्या संघाला वेळ काढणे कठीण केले, तर दुसऱ्याने पिछाडीवरच्या संघाची आशा जिवंत ठेवली. साखळीतील गुणपद्धतीही याच हेतूने आखलेली होती. विजयाला पाच व बरोबरीला प्रत्येकी तीन गुण असत आणि सात किंवा त्यांहून कमी गुणांच्या फरकाने हरणाऱ्या संघालाही एक गुण मिळे. त्यामुळे हरत असलेला संघही अखेरच्या मिनिटापर्यंत जिद्दीने खेळे.

हंगामाचा वृत्तांत : २६ जुलै रोजी वरळी येथे झालेल्या उद्‌घाटनाच्या सामन्यात यू मुंबाने जयपूरवर ४५–३१ अशी मात केली. साखळीत प्रत्येक संघ इतर सात संघांशी दोनदा खेळला. अशा ५६ सामन्यांनंतर जयपूर, मुंबई, बेंगळुरू व पाटणा हे संघ पहिल्या चार क्रमांकांवर आले. उपांत्य फेरीत जयपूरने पाटण्याला आणि मुंबईने बेंगळुरूला हरविले. दोन उपांत्य सामने, तिसऱ्या क्रमांकाची लढत व अंतिम सामना धरून हंगामात एकूण ६० सामने झाले.

यू मुंबाचा खेळ अनुप कुमारभोवती गुंफलेला होता. त्याची चढाई बळाची नव्हे, संयमाची होती. मोठा धोका न पत्करता बोनस गुण व स्पर्शगुण एकेक करून जमविणे आणि समोरच्या बचावफळीचा तोल सुटण्याची वाट पाहणे, ही त्याची पद्धत. चढाईत हंगामातील सर्वाधिक गुण त्यानेच मिळविले आणि सर्वाधिक मौल्यवान खेळाडू म्हणूनही त्याची निवड झाली. जयपूरचे नेतृत्व नवनीत गौतम या अनुभवी बचावपटूकडे होते; त्याच्या जोडीला मणिंदर सिंगसारखा तरुण, ताकदवान चढाईपटू होता. ३१ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात जयपूरने उद्‌घाटनाच्या पराभवाची भरपाई केली आणि मुंबईच्या प्रेक्षकांसमोर मुंबईला ३५–२४ असे नमविले. पुढील वर्षी, २३ ऑगस्ट २०१५ रोजी, त्याच क्रीडागारात बेंगळुरूवर ३६–३० असा विजय मिळवून यू मुंबाने आपले पहिले विजेतेपद संपादन केले.

महाराष्ट्राचा सहभाग : महाराष्ट्राच्या दोन्ही संघांची स्थिती परस्परविरोधी होती. यू मुंबा अंतिम फेरीत पोहोचला, तर पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला राहिला. दोहोंत एक साम्य मात्र होते : पहिल्या हंगामात मुंबईचा कर्णधार अनुप कुमार आणि पुण्याचा कर्णधार वझीर सिंग हे दोघेही हरयाणाचे होते. संघाचे नाव शहराचे, पण खेळाडू लिलावातून आलेले, ही लीगची रीतच आहे. आपल्या मंडळातील ओळखीच्या मुलाला पाहावयास मैदानावर जाणाऱ्या जुन्या प्रेक्षकाला ती नवी होती. तरीही महाराष्ट्राचे खेळाडू झाकले गेले नाहीत. यू मुंबाकडून रिशांक देवाडिगा, विशाल माने व सांगली जिल्ह्यातील नितीन मदने खेळले. सांगलीचाच काशिलिंग आडके दबंग दिल्ली संघात चमकला आणि दुसऱ्या हंगामात चढाईतील सर्वाधिक गुण त्याच्या नावावर लागले.

लीगमुळे महाराष्ट्राच्या राज्यसंघालाही वरच्या दर्जाचा सराव मिळू लागला. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबाद येथील राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४–२९ असे हरवून अकरा वर्षांनंतर पुरुषांचे विजेतेपद परत मिळविले. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून प्रथम खेळला. पुढील लिलावात त्याला १ कोटी ४५ लाख रुपये मिळाले. पुणेरी पलटणनेही १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरयाणा स्टीलर्सवर २८–२५ असा विजय मिळवून आपले पहिले विजेतेपद पटकाविले. त्या वेळी संघाचा कर्णधार अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार हा होता.

प्रेक्षकवर्ग : पहिल्या हंगामाचे खरे आश्चर्य क्रीडागारात नव्हे, घरांत घडले. दूरचित्रवाणीवरून ही स्पर्धा सु. ४३.५ कोटी लोकांपर्यंत पोहोचल्याचे जाहीर झाले. त्या वर्षी भारतातील लीग स्पर्धांमध्ये केवळ क्रिकेटची लीग तिच्यापुढे होती. या आकड्यात सामन्याचा थोडासा भाग पाहणाऱ्यांचाही समावेश होतो. त्यामुळे तो नियमित प्रेक्षकांचा आकडा म्हणून वाचणे योग्य नव्हे. तथापि शाळेच्या पटांगणावर कधी तरी खेळलेला आणि नंतर विस्मरणात गेलेला खेळ लोक आपण होऊन पाहतात, एवढे त्यातून सिद्ध झाले. क्रिकेट वगळता अन्य खेळांना भारतात प्रेक्षक नाही, हा समज त्यामुळे डळमळला. २०१५ मध्ये स्टार समूहाने मशाल स्पोर्ट्सचा ७४ टक्के हिस्सा विकत घेतला. प्रक्षेपण करणारी संस्थाच आता स्पर्धेची मुख्य मालक झाली.

अमेरिकी बास्केटबॉलशी तुलना : व्यावसायिक लीगच्या बाल्यावस्थेचे चांगले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील बास्केटबॉल. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनची पूर्वसंस्था असलेल्या बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका या लीगचा पहिला हंगाम १९४६-४७ मध्ये ११ संघांनिशी झाला. १ नोव्हेंबर १९४६ रोजी टोराँटो येथील पहिल्या सामन्यात न्यूयॉर्कने टोराँटोला ६८–६६ असे हरविले आणि हंगामाअखेर फिलाडेल्फिया वॉरियर्स विजेता ठरला. लीगचे संस्थापक प्रामुख्याने बर्फावरील हॉकीच्या क्रीडागारांचे मालक होते. रिकामे दिवस भरून काढणे हा त्यांचा हेतू होता. कबड्डीच्या बाबतीत भरावयाचे होते ते वाहिनीवरील रिकामे तास.

दुसरे साम्य अधिक अर्थपूर्ण आहे. त्या काळी अमेरिकेतही तेलकंपन्या व कारखाने यांचे बास्केटबॉल संघ होते. खेळाडू कंपनीचा नोकर असे आणि खेळात ‘हौशी’ गणला जाई. १९४६ मध्ये बॉब कर्लंड या नामवंत खेळाडूने व्यावसायिक लीगऐवजी फिलिप्स या तेलकंपनीची नोकरी व तिचा संघ पत्करला, कारण त्या नोकरीत खेळानंतरचेही आयुष्य होते. पहिल्याच हंगामानंतर टोराँटोसह चार संघ बंद पडले, हे पाहता त्याचा निर्णय शहाणपणाचा होता. लीगला १९४९ मध्ये प्रतिस्पर्धी लीगशी एकत्र यावे लागले. पुढे संथ खेळाला कंटाळणाऱ्या प्रेक्षकांसाठी १९५४ मध्ये, चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत बास्केटकडे टाकण्याचा नियम करावा लागला. कबड्डीतील तिसऱ्या चढाईचा नियम त्याच जातीचा आहे. लीगचे आठही संघ पहिल्या हंगामानंतर टिकून राहिले, ही मात्र कबड्डीची अमेरिकी उदाहरणाहून सरस कामगिरी होय. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेली आणि मुंबई व पुण्याचे संघ असलेली यूबीए ही बास्केटबॉल लीग २०१७ नंतर चालू राहिली नाही, हे ध्यानात घेता या टिकाऊपणाचे महत्त्व अधिकच पटते.

परिणाम : २०१७ मध्ये संघांची संख्या बारा झाली. २०१८ च्या लिलावात एक कोटी रुपयांची मर्यादा प्रथमच ओलांडली गेली. मोनू गोयत याला हरयाणा संघाने १ कोटी ५१ लाख रुपयांना घेतले. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम मोजली. नऊ वर्षांत सर्वोच्च बोली सु. वीसपट झाली.

आंतरराष्ट्रीय परिणाम उलटसुलट होता. पहिल्या हंगामानंतर महिन्याभरात इंचॉन (दक्षिण कोरिया) येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या पुरुष संघाने इराणवर २७–२५ असा निसटता विजय मिळविला. लीगमध्ये इराण, दक्षिण कोरिया इत्यादी देशांचे खेळाडू भारतीय प्रशिक्षकांच्या हाताखाली, भारतीय खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळत होते. परिणामतः २०१८ च्या जाकार्ता येथील स्पर्धांत इराणच्या पुरुष संघाने उपांत्य फेरीत भारताला हरविले आणि १९९० पासूनची भारताची सुवर्णपदकांची परंपरा खंडित झाली. इराणच्या संघात यू मुंबाकडून खेळलेला फजल अत्राचली हा बचावपटू होता. २०२३ मध्ये हांगजो येथे भारताने पुरुष व महिला दोन्ही गटांची सुवर्णपदके परत मिळविली.

पहिल्या हंगामातील ठळक उणीव म्हणजे महिलांची अनुपस्थिती. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून होत असूनही लीगच्या आखणीत त्यांना स्थान नव्हते. २०१६ मध्ये पुरुषांच्या चौथ्या हंगामासोबत महिलांचे सामने तीन संघांत भरविण्यात आले. त्यांपैकी आइस डिव्हाज संघाचे नेतृत्व मुंबईच्या अभिलाषा म्हात्रे यांनी केले आणि स्टॉर्म क्वीन्स संघ २४–२३ असा एका गुणाने विजयी झाला. पुढील वर्षी तो उपक्रम चालू ठेवण्यात आला नाही. २०१८ मध्ये जाकार्ता येथे इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला हरविले, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. महाराष्ट्राच्या महिला कबड्डीतील अनुभवाचा उपयोग परदेशाने करून घेतला.

मूल्यमापन : पहिल्या हंगामाने कबड्डीला प्रेक्षक दिला, खेळाडूला नाव दिले आणि अंगी असलेल्या कौशल्याचे रोख मोल दिले. हे मोल पूर्वीच्या पगारापेक्षा मोठे आहे, पण त्याची मुदत लहान आहे. करार एखाद्या-दुसऱ्या हंगामाचा असतो. गुडघा दुखावला किंवा चढाईची गती मंदावली, की पुढच्या लिलावात नाव पुकारले जाईलच असे नाही. लिलावात स्थान मिळणाऱ्यांची संख्याही, राज्यभर खेळणाऱ्यांच्या मानाने, अल्प आहे. जुन्या व्यवस्थेत किंमत कमी होती, पण खेळाडू तिच्या आधारावर संसार उभा करू शकत होता आणि स्त्रियांनाही रेल्वे, बँका व पोलीस दलांत तिचा लाभ होत होता. केळशीसारख्या गावातील तांबड्या मातीच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलाला आज पडद्यावर दिसणारी वाट आजोबांच्या पिढीतील गिरणगावाच्या वाटेपेक्षा अधिक उजळ आहे. ती किती जणांना आणि किती वर्षे पुरेल, हा प्रश्न निराळा. लीग आणि नोकरी या दोन व्यवस्था एकमेकींच्या पर्यायी नसून पूरक आहेत, हे पहिल्या हंगामातील खेळाडूंनीच आपापल्या नोकऱ्या सांभाळून दाखवून दिले होते. मॅटवरील चढाईचे पाच आठवडे नेत्रदीपक खरे; परंतु त्यांतील प्रत्येक खेळाडू मंडळांनी, शाळांनी व आस्थापनांनी वर्षानुवर्षे घडविलेला होता. ही घडवणूक जोवर चालू राहील, तोवरच लिलावाला खेळाडू मिळत राहतील.